वारूळ मोडले तरी अग्निमुंग्या का उरतात: राणी, अळ्या आणि वसाहतीचे आयुष्य

प्रश्न असा आहे की, हिरवळीवर उठलेली अग्निमुंग्यांची वारुळे फावड्याने उकरली, त्यांत पाणी सोडले, मुंग्या मारण्याची पावडर टाकली, तरी दोन-तीन आठवड्यांत जवळपासच नवे वारूळ उभे राहते. तेव्हा या मुंग्यांचे जीवनचक्र नेमके कसे चालते, एका वसाहतीत राण्या किती असतात, आणि राणी मेली की वसाहत संपते का? कीटक-नियंत्रणाच्या कामात या मुंग्यांशी माझी वर्षानुवर्षे गाठ पडत आली आहे. माझ्या मते तिन्ही शंकांचे उत्तर एकाच जागी सापडते. राणीच्या तोंडी अन्न कोणत्या वाटेने जाते हे एकदा कळले, की बाकीचे बहुतेक आपोआप उलगडते.

अग्निमुंगी किंवा फायर अँट या नावाखाली सोलेनोप्सिस या प्रजातीतल्या अनेक जाती येतात. त्यांपैकी सर्वांत त्रासदायक ठरलेली आणि म्हणूनच सर्वांत बारकाईने अभ्यासली गेलेली जात म्हणजे सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा. पुढील सारे विवेचन तिच्याविषयी आहे. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वे आणि पाराना या नद्यांच्या वारंवार पुराखाली जाणाऱ्या खोऱ्यांत आहे. १९३०च्या दशकात ती जहाजांतून अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मोबील बंदरात उतरली आणि तेथून त्या देशाच्या दक्षिण भागात सर्वदूर पसरली. २००१ मध्ये ती ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आढळली, त्यानंतर तैवान व दक्षिण चीनमध्ये पोहोचली, आणि २०२३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावरही तिच्या वसाहती असल्याचे जाहीर झाले.

वसाहतीचा आरंभ आकाशात होतो. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत हवा उबदार व दमट असेल, ऊन पडलेले असेल आणि वारा मंद असेल, तर कामकरी मुंग्या वारुळाच्या माथ्याला भोके पाडतात आणि पंख असलेल्या माद्या व नर बाहेर पडून उडतात. एरवी या वारुळाला वरून एकही उघडे दार नसते, त्यामुळे माथ्यावर अशी भोके आणि त्यांभोवती अस्वस्थपणे धावणाऱ्या कामकरी मुंग्या दिसल्या, की त्या दिवशी उड्डाण होणार हे ओळखावे. मीलन जमिनीपासून १०० मीटरहून अधिक उंचीवर होते. नराचे आयुष्य तेथेच संपते. मादी बहुतेक वेळा एकाच नराशी मीलन करते आणि तेवढ्या एका भेटीत सुमारे ७० लाख शुक्रपेशी पोटातल्या पिशवीत साठवून घेते. पुढे आयुष्यभर तिला दुसरा पुरवठा होत नाही. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतील वॉल्टर त्शिंकेल यांनी या साठ्याचा हिशेब मांडला आहे. एका प्रौढ कामकरीमागे साधारण तीन शुक्रपेशी खर्च होतात, म्हणजे हा साठा वीस लाखांहून अधिक कामकऱ्यांना पुरतो आणि सहा-सात वर्षांत संपतो. राणीचे वय सहा-सात वर्षे असते असे जे सांगितले जाते, त्यामागे हे कारण आहे.

जमिनीवर उतरल्यावर ती पायांनी स्वतःचे पंख मोडून टाकते आणि ओलसर, उघड्या मातीत काही सेंटिमीटर खोल उभे भुयार खणून त्याच्या तळाशी लहानशी खोली करते. वरचे तोंड मातीने बुजवले की ती तीन-चार आठवडे बाहेर येत नाही आणि काही खातही नाही. पहिल्या दिवसा-दोन दिवसांत ती दहा-पंधरा अंडी घालते. उडण्यासाठी असलेले पंखांचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते आणि शरीरातली चरबी विरघळवून ती पहिल्या अळ्यांना पोसते, आणि न उबणारी काही खास अंडीही त्यांना खाऊ घालते. या काळात तिचे वजन जवळजवळ निम्म्यावर येते. पहिली पिढी आकाराने नेहमीच्या कामकऱ्यांहून लहान निघते, कारण एका राणीच्या शरीरातल्या तुटपुंज्या शिदोरीत मोठ्या मुंग्या घडवण्यापेक्षा छोट्या पण संख्येने थोड्या अधिक मुंग्या घडवणे परवडते. या बुटक्या मुंग्या बुजवलेले तोंड आतून उघडतात, अन्न आणू लागतात, आणि त्यानंतर राणी अंडी घालण्याखेरीज दुसरे काहीच करत नाही.

बहुतेक राण्या या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत. उडताना चतुर आणि पक्षी त्यांना टिपतात, आणि जमिनीवर आल्यावर आधीच तेथे राहणाऱ्या मुंग्या, मग त्या स्वजातीच्या का असेनात, त्यांना फाडतात. ज्या वाचतात त्या कधीकधी एकाच भुयारात दोन-चार मिळून राहतात आणि पहिली पिढी एकत्र वाढवतात. मात्र कामकरी मुंग्या जन्मल्या की राण्यांत झुंज लागते, कामकरी मुंग्याही त्यात उतरतात, आणि शेवटी एकच राणी उरते. शेजारशेजारच्या नव्या भुयारांत याहून विलक्षण प्रकार चालतो. एका भुयारातील कामकरी मुंग्या दुसऱ्यातील अंडी-अळ्या उचलून आपल्याकडे आणतात, तिकडच्या मुंग्या त्या परत पळवतात, आणि हे जाणे-येणे तासन्‌तास सुरू राहते. शेवटी जिकडे पिल्लांचा ढीग मोठा होतो तिकडेच दोन्हीकडच्या मुंग्या राहून जातात. हरलेल्या भुयारातील राणीला तिच्याच मुली सोडून देतात. पिल्ले जेथे, तेथे वसाहत, हे अग्निमुंगीच्या बाबतीत पहिल्या महिन्यापासून असे शब्दशः खरे असते.

अंड्यातून अळी बाहेर पडायला सात ते दहा दिवस लागतात. अळी चार अवस्थांतून जाते, म्हणजे मोठी होताना तीनदा कात टाकते, आणि त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर कोषावस्था येते. या मुंग्यांच्या कोषावस्थेला रेशमाचे आवरण नसते. वारुळातून मूठभर माती पांढऱ्या ताटलीत घेतली, तर मुडपलेले पाय आणि मिशा स्पष्ट दिसणारे, मेणाच्या रंगाचे हे जीव भिंगाशिवायही ओळखता येतात. आधी त्यांचे डोळे काळे होतात, मग अंगावर तपकिरी छटा चढते आणि एक-दोन दिवसांत मुंगी बाहेर येते. अंड्यापासून प्रौढ मुंगीपर्यंतचा सगळा प्रवास उष्णतेनुसार तीन ते सहा आठवड्यांचा असतो.

कोणत्या अंड्यातून काय निघणार याचा नियम सोपा आहे. फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. मादी अळीला मिळणारे पोषण, वसाहतीचे वय आणि राणीच्या गंधद्रव्यांचा प्रभाव यांवर ती कामकरी होणार की पंखधारी राणी, हे ठरते.

आता अळ्यांविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तेथे आहे. प्रौढ अग्निमुंगी घन अन्न खाऊच शकत नाही. तिच्या तोंडातील गाळणी इतकी बारीक असते की मायक्रॉनभर आकाराचे कणही अडतात. रस, तेल, गोड द्रव एवढेच तिच्या पोटात उतरते. मग मेलेल्या किड्याचा तुकडा वारुळात जातो, त्याचे होते काय? कामकरी मुंगी तो चौथ्या अवस्थेतील अळीच्या पोटावर, तोंडाच्या अगदी खाली असलेल्या खळगीत ठेवते. अळी पाठीवर पडलेली असते आणि तिच्या अंगावरचे आकडेदार केस तिला जागच्या जागी धरून ठेवतात. ती तुकड्यावर पाचक रस सोडते, तुकडा विरघळतो, आणि तो द्रव काही ती स्वतः पिते, काही भोवतालच्या कामकरी मुंग्या पितात. तेथून तो तोंडातून तोंडात फिरत राणीपर्यंत जातो. चौथ्या अवस्थेतील अळ्या म्हणजे वसाहतीचे पोट होय. राणी किती अंडी घालणार हेही वसाहतीत अशा अळ्या किती आहेत यावर अवलंबून असते: अळ्या भरपूर असल्या की राणीला प्रथिने भरपूर मिळतात, अंडी वाढतात, त्यांतून पुन्हा अळ्या वाढतात. भरभराटीच्या दिवसांत राणी दिवसाला हजार-दीड हजार किंवा त्याहूनही अधिक अंडी घालते.

कामकरी मुंग्यांचा आकार २ ते ६ मिलिमीटरपर्यंत बदलतो आणि आयुष्यही त्यानुसार बदलते. लहान कामकरी एक-दोन महिने जगतात, मध्यम दोन-तीन महिने, आणि मोठ्या डोक्याच्या कामकरी तीन ते सहा महिने. काम मात्र आकारापेक्षा वयावर अधिक ठरते. तरुण मुंग्या अंडी-अळ्यांजवळ राहतात, मध्यमवयीन मुंग्या वारुळातली कामे करतात आणि अन्नाच्या वाहतुकीला हजर असतात, आणि अन्न शोधायला बाहेर पडतात त्या म्हाताऱ्या, ज्यांचे थोडेच दिवस उरलेले असतात. पायाखाली किंवा अन्नाच्या कणाभोवती आपल्याला दिसतात त्या याच. फवाऱ्याने त्या कितीही मारल्या तरी वसाहतीच्या हिशेबात ती मोठी हानी नसते.

वारूळ म्हणजेच अख्खी वसाहत, हा गैरसमजही येथेच दूर करतो. मातीचा ढीग हा वसाहतीचा केवळ उबदार माथा आहे. सकाळी ऊन पडले की कामकरी मुंग्या अळ्या व कोष सूर्याकडील बाजूला, पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणतात, आणि ऊन तापले की त्यांना खाली नेतात. पिल्लांना साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ढिगाखाली भुयारे दीड मीटरपर्यंत खोल गेलेली असतात. शिवाय जमिनीखाली काही सेंटिमीटरवर आडव्या वाटा चहूकडे गेलेल्या असतात, त्या वारुळापासून पंधरा-वीस मीटरवरही बाहेर उघडतात, आणि अन्न शोधणाऱ्या मुंग्यांची ये-जा त्यांतूनच चालते. नवी वसाहत पहिले काही महिने ढीग उभारतच नाही. सहा महिन्यांच्या सुमारास, काही हजार मुंग्या झाल्यावर, तो नजरेस येतो. हिरवळीवर पाच ढीग दिसत असतील तर न दिसणाऱ्या कोवळ्या वसाहती त्याहून अधिक असू शकतात, आणि 'नवे वारूळ' म्हणून जे पुढे उगवते ते पुष्कळदा आधीपासूनच तेथे असते. पूर्ण वाढलेल्या वसाहतीत दोन लाखांच्या वर कामकरी मुंग्या असू शकतात, आणि अशी वसाहत वर्षाकाठी काही हजार पंखधारी मुंग्या उडवते.

राण्या किती, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, कारण या एकाच जातीत दोन प्रकारच्या वसाहती असतात. पहिल्या प्रकारात एकच राणी असते. तेथील कामकरी मुंग्या दुसरी कोणतीही अंडी घालणारी राणी सहन करत नाहीत आणि शेजारच्या वसाहतीशी कडवे वैर धरतात. दुसऱ्या प्रकारात अनेक राण्या एकत्र नांदतात, कधी दोन-चार तर कधी कित्येक डझन, आणि शेजारच्या वारुळांतील मुंग्या एकमेकींत बिनदिक्कत मिसळतात. हा फरक जीपी-९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकाशी जोडलेला आहे. २०१३ मध्ये दाखवले गेले की तो एकटा जनुक नसून गुणसूत्राच्या एका मोठ्या तुकड्यावर शेकडो जनुके एकत्रच वारशाने जातात. अनेक राण्यांच्या वसाहतीत ज्या राणीकडे या तुकड्याचे विशिष्ट रूप नसते, तिला ते रूप बाळगणाऱ्या कामकरी मुंग्या वासावरून ओळखून मारून टाकतात. जनुकाच्या प्रभावातून आप-पर ठरवण्याचे इतके उघड उदाहरण प्राणिसृष्टीत क्वचितच सापडते.

व्यवहारात हा फरक फार महत्त्वाचा आहे. एका राणीच्या वसाहती विरळ असतात, एकरी साधारण ४० ते १५०; अनेक राण्यांच्या असतील तर एकरी २०० हून अधिक वारुळे होतात. त्याहून वाईट म्हणजे अनेक राण्यांची वसाहत उड्डाणावर विसंबून राहत नाही. एखादी राणी काही कामकरी मुंग्या आणि पिल्ले घेऊन चालत निघते आणि काही मीटरवर नवे वारूळ थाटते. फावड्याने उकरलेले वारूळ आठवड्याभरात दोन ठिकाणी दिसू लागले, तर बहुधा हेच घडलेले असते. कोणत्या प्रकारची वसाहत आहे हे पाहण्यासाठी एका वारुळातील थोड्या मुंग्या काठीवर घेऊन दुसऱ्या वारुळावर झटकाव्यात. झुंज लागली तर एका राणीच्या वसाहती, शांतपणे आत घेतल्या गेल्या तर अनेक राण्यांच्या. ही परीक्षा निर्विवाद नव्हे, पण बहुतेक वेळा उपयोगी पडते. ती करताना हात जपावेत. ही मुंगी जबड्यांनी कातडी पकडते आणि त्या पकडीभोवती फिरत नांगीने पुनःपुन्हा दंश करते. विषातील अल्कलॉइडमुळे दुसऱ्या दिवशी पांढरा फोड येतो, तो फोडू नये. दंशानंतर श्वास लागला, घसा आवळला किंवा अंगभर गांधी उठल्या तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

राणी मेली तर काय? या प्रजातीतील कामकरी मुंग्यांना बीजाशयच नसतात, त्यामुळे त्या अफलित अंडीदेखील घालू शकत नाहीत. राणीचा गंध नाहीसा झाला की वारुळातल्या पंखधारी कुमारी माद्या एक-दोन दिवसांत पंख टाकतात आणि अंडी घालू लागतात, पण मीलन झालेले नसल्याने त्यांतून नरच निघतात. क्वचित एखादी बाहेरची मीलन झालेली राणी अशा पोरक्या वसाहतीत शिरकाव करून घेते. एरवी नव्या कामकरी मुंग्यांचा पुरवठा थांबतो आणि असलेल्या मुंग्यांचे आयुष्य संपेपर्यंत वसाहत तग धरते. मोठ्या कामकरी मुंग्या सहा महिन्यांपर्यंत जगतात हे लक्षात घेतले, तर राणी मेल्यावरही वारुळावर मुंग्या दिसत राहणे स्वाभाविक आहे.

पाण्याने ही मुंगी का मरत नाही, याचे उत्तर तिच्या पूरग्रस्त मूळ घरात आहे. पाणी चढू लागले की कामकरी मुंग्या राणी व पिल्ले वर आणतात, पायांत पाय आणि जबड्यांत पाय अडकवून एकमेकींना धरतात आणि सगळी वसाहत तराफ्यासारखी तरंगते. अळ्यांच्या केसांत अडकलेले हवेचे बुडबुडे तिला तरंगायला मदत करतात. असा तराफा बारा दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळानंतर ह्यूस्टनच्या पुरात असे तराफे सर्वत्र दिसले होते. नळाने वारुळात पाणी सोडणे म्हणजे या सवयीला आमंत्रण देणे. उकळते पाणी मात्र काम करते: दहा-बारा लिटर एका वारुळावर ओतल्यास साधारण ६० टक्के वेळा वसाहत मरते, उरलेल्या वेळी राणी खोल राहून वाचते, आणि गवत मात्र दरवेळी मरते. मक्याचा रवा खाऊन मुंग्या फुगून मरतात ही सर्वदूर पसरलेली समजूत वर सांगितलेल्या गाळणीमुळेच खोटी ठरते.

राणीपर्यंत जाणारी वाट अन्नाचीच असल्यामुळे उपायही अन्नाच्या रूपाने द्यावा लागतो. बाजारातील आमिषे मक्याच्या कोरड्या दाणेदार भरडीवर सोयाबीनचे तेल आणि त्यात विरघळलेले औषध अशी बनवलेली असतात. मुंग्या भरडी नेतात, तेल चोखतात, आणि ते तोंडातून तोंडात फिरत अळ्यांना व राणीला पोहोचते. म्हणून औषध मंद असणे आवश्यक आहे. अन्न आणणारी मुंगी वाटेतच मेली तर पुढे काहीच जात नाही. हायड्रामेथिलनॉन राणीला मारते. पायरिप्रॉक्सिफेन व मेथोप्रीन ही वाढ रोखणारी औषधे नव्या कामकरी मुंग्या तयार होऊ देत नाहीत आणि वसाहत म्हातारी होऊन संपते. आमिष वारुळावर न टाकता सगळ्या जागेत पातळ पसरावे, म्हणजे न दिसणाऱ्या वसाहतींनाही ते सापडते. आदल्या दिवशी वारूळ उकरू नये. हिरवळ कोरडी असावी आणि पुढचे चोवीस तास पाणी देऊ नये. तेलाला खवट वास येणारे जुने पाकीट वापरू नये, मुंग्या ते टाकून देतात. पसरण्याआधी तळलेल्या बटाट्याचा एक काप जमिनीवर ठेवून पाहावा. अर्ध्या तासात त्यावर मुंग्या जमल्या तर वेळ योग्य आहे. चालण्याच्या वाटेवरील किंवा मुले खेळतात तेथील वारुळांवर काही दिवसांनी स्वतंत्रपणे द्रव कीटकनाशक ओतावे, ते पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात आणि वारुळाच्या तळापर्यंत पोहोचेल एवढे.

दक्षिण अमेरिकेतून आणून सोडलेल्या स्यूडॅक्टिऑन माश्यांचाही येथे उल्लेख व्हायला हवा. त्यांची अळी मुंगीच्या डोक्यात वाढते आणि शेवटी ते डोके गळून पडते. त्या वसाहत संपवत नाहीत, पण त्यांच्या भीतीने मुंग्या अन्न शोधणे कमी करतात. घरच्या हिरवळीसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

परिणाम तपासताना वारुळावर किती मुंग्या आहेत याकडे लक्ष देऊ नये. हायड्रामेथिलनॉन दिले असल्यास दोन ते सहा आठवड्यांनी, वाढ रोखणारे औषध दिले असल्यास दोन-तीन महिन्यांनी, लांब दांड्याच्या खुरप्याने वारुळाचा माथा उघडून आत पांढऱ्या अळ्या आणि मेणचट कोष आहेत का ते सकाळच्या उन्हात पाहावे. आकाराने लहान, कामकरी मुंग्यांची पिल्ले दिसली तर राणी अंडी घालते आहे आणि आमिष पुन्हा द्यावे लागेल. केवळ मोठाले, पंखधारी मुंग्यांचे कोष दिसले किंवा पिल्लेच नसली, तर मुंग्या कितीही फिरत असल्या तरी ते वारूळ तसेच राहू द्यावे. त्यावर आणखी औषध घालण्याचे कारण नाही.